चाळीस टाचण्या

रोज सकाळी कामाला बसण्याआधी आत्या टाचण्या मोजायची. लाल मखमलीची तळहाताएवढी जुनी उशी होती. तिच्यातून एकेक टाचणी उपटून टेबलाच्या डाव्या कडेला ठेवायची, चाळीस भरल्या की एकेक करून परत टोचायची. मोजताना ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. मध्येच कुणी बोललं तर हात वर करून त्याला थांबवायची आणि पुन्हा एकपासून सुरू करायची. संध्याकाळी खोलीला कुलूप लावण्याआधी हेच सगळं परत. मधल्या वेळात वॉर्डात जाऊन आली, तर तेव्हाही.

एकदा संध्याकाळी एकोणचाळीसच भरल्या. त्या दिवशी तिने तीन पेशंटना नवे शिवलेले कपडे घातले होते. ती तिघांकडेही परत गेली. प्रत्येकाला म्हणाली, "त्रास देते जरा, माझी एक वस्तू हरवलीय." वॉर्डातल्या दोन मावशींना मदतीला घेऊन तिने चादरी, उशा, शर्टांच्या शिवणी बोटांनी चाचपल्या. दीड तास गेला. शेवटी टाचणी सापडली ती तिच्याच बाहीत.

"घ्या, बाई! आम्ही गाद्या उलट्यापालट्या केल्या आणि चोर स्वतःच शोधायला निघालेला," एक मावशी म्हणाली. दोघी हसत सुटल्या.

आत्या हसली नाही. "मला टोचली असती तर मी ओरडले असते," ती म्हणाली. "इथं कितीजणांना ओरडता येतं?"

ती काम करायची त्या जागेला सगळे मागची इमारत म्हणत. पुढे मोठं हॉस्पिटल होतं. तिथले उपाय संपले की माणसाला मागच्या इमारतीत आणत. दोन्हींच्या मधे पत्र्याने झाकलेली वाट होती, चाकांच्या खाटेला ती पार करायला चार मिनिटं लागत. मागच्या इमारतीत अठरा पलंग होते. भिंतींना कमरेपर्यंत हिरवा तेलरंग, वर पांढरा चुना. आत्याची खोली तळमजल्यावर, धुलाईखान्याला लागून, त्यामुळे तिची एक भिंत कायम कोमट असायची. आत पायाने चालवायचं शिलाई मशीन, इस्त्रीचं टेबल, दोन खुर्च्या. खिडकीतून गाड्या उभ्या करायची जागा दिसायची. दारावर पाटी होती, 'कपडे दुरुस्ती'.

ती माझ्या बाबांची थोरली बहीण. बाबा तिला ताई म्हणत. मागच्या इमारतीत तिला टाचणीबाई म्हणत, कारण काम करताना तिच्या ओठांत कायम दोन-तीन टाचण्या धरलेल्या असत आणि ती तोंडाच्या एका कोपऱ्यातून बोलायची. तिच्याशी नवीन ओळख झालेल्याला वाटायचं, बाई रागावल्यात.

त्याआधी बावीस वर्षं ती गणवेशाच्या कारखान्यात होती. तिथे तिच्याकडे फक्त कॉलरी असायच्या. बाह्या दुसरी बाई शिवायची, खिसे तिसरी. बावीस वर्षांत एक अख्खा शर्ट कधी तिच्या हातातून गेला नाही.

आतोबा, म्हणजे तिचे यजमान, बस डेपोत वेळनोंदणीला होते. दूधवाल्याला दार उघडायचं तरी वरचं बटण लावून. घरात माणसं दोनच, तरी दाढी केल्याशिवाय ते चहाला बसत नसत. मागच्या इमारतीत ते अकरा दिवस होते. तिथला झगा पाठीवर उघडा, दोन बंदांनी बांधायचा, आणि त्यातला एक बंद नेहमी तुटलेला. आतोबांना कूस बदलता येत नव्हती. उजव्या हाताला सुई लावलेली. डावा हात मात्र सारखा पाठीमागे जायचा, झग्याच्या दोन कडा मुठीत धरायला. मावशी तो हात सोडवून पुढे ठेवायच्या. थोड्या वेळाने तो परत मागे. शेवटचे दोन दिवस त्यांनी कुणालाच ओळखलं नाही. हात तरीही मागे जात होता.

हे तिने मला एकदाच सांगितलं, इस्त्री करताना, मान वर न करता. "बावीस वर्षं कॉलरी शिवल्या आणि ह्यांना कॉलरीचा शर्ट घालता आला नाही," एवढंच पुढे म्हणाली. मग इस्त्री उभी करून ठेवली आणि दुसरा शर्ट घेतला.

आतोबा गेल्यावर तिसऱ्या महिन्यात ती त्यांचे सहा शर्ट घेऊन मागच्या इमारतीत गेली. मेट्रनबाईंनी शर्ट उलगडून पाहिले. सगळे पाठीवर वरपासून खालपर्यंत कापलेले.

"अहो, हे तर फाटलेत सगळे," मेट्रनबाई म्हणाल्या.

"फाटले नाहीत, फाडलेत," आत्या म्हणाली. "तुमच्या एखाद्या पेशंटला घालून बघू का?"

तिची पद्धत अशी होती. शर्ट माणसाचा स्वतःचाच, घरून आणलेला. तो पाठीच्या मधोमध गळ्यापासून खाली कापायचा. दोन्ही कडांना जुन्या चादरीचं मऊ अस्तर लावायचं. डावी बाजू उजवीवर चार बोटं येईल एवढी वाढवायची. गळ्यापाशी एक बंद, आणि बगलेच्या बाजूला एक टिचबटण. पाठीच्या कण्यावर काही येऊ द्यायचं नाही, कारण झोपून असलेल्या माणसाला तिथे बटणसुद्धा खड्यासारखं रुततं. समोरून शर्ट जसाच्या तसा. सगळी बटणं लावलेली, कॉलर, खिसा, कुणाच्या खिशात पेन असायचं तर पेनसुद्धा. हात वर न करता, माणसाला न उचलता तो घालता यायचा. आधी दोन्ही हात समोरून बाह्यांत, मग दोन्ही पाखं पाठीखाली सरकवायची. मिनिटभराचं काम. भेटायला आलेल्याला समोर शर्ट घातलेला माणूस दिसायचा.

आधी ती आठवड्यातून दोनदा जायची, मग रोज. मग दारावर पाटी लागली. चौदा वर्षं.

मापाची फीत ती वॉर्डात नेत नसे. "फीत बघितली की पडलेल्या माणसाला भलतंच काही वाटतं," ती म्हणायची. गप्पा मारता मारता खांद्याला हात लावायची, चादर नीट करता करता विती मोजायची, आणि खोलीत येऊन आकडे खडूने टेबलावर लिहायची. माणसं आटत जात, म्हणून दर आठ-दहा दिवसांनी तेच कपडे पुन्हा आत घ्यावे लागत. तेही ती न सांगता करायची. सकाळी धुलाईतून शर्ट घ्यायची, दुपारी परत. कॉलर सैल झाली आहे हे कुणाला आरशात कळत नसे, कारण ती झालेलीच नसायची.

शाळा सुटल्यावर मी तिच्याकडे जायचे. माझं काम कच्चे टाके उसवायचं. कधीकधी कपड्यांची चळत घेऊन तिच्यामागे वॉर्डात जायचे. चार नंबरला एक निवृत्त तिकीट तपासनीस होते. टक्कल, जाड मिशा, पाय निकामी झालेले. आत्याने त्यांचा काळा कोट शिवून आणला तेव्हा त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"म्हणजे पुढून साहेब आणि मागून उघडा?"

"हो," आत्या टाचण्यांमधून म्हणाली.

"मग काय नवीन केलंत, बाई? तीस वर्षं मी असाच होतो. बायकोला विचारा."

त्यांची बायको बाजूच्या स्टुलावर बसून मोजा विणत होती. "मला कशाला विचारतात? मी काय तिकीट काढलं होतं का ह्यांच्याकडे?" ती म्हणाली.

कोट घातल्यावर त्यांनी आधी खिसे तपासले. मग माझ्याकडे हात पुढे केला. "तिकीट?" मी घाबरून आत्याकडे पाहिलं. "दे ना काहीतरी," ती म्हणाली. मी वहीचा कागद फाडून दिला. त्यांनी तो नखाने टोचून परत केला. पुढचे तीन आठवडे सहा नंबरकडे जाणाऱ्या प्रत्येकाला त्यांच्या पलंगापाशी थांबून काहीतरी दाखवावं लागे. डॉक्टरसुद्धा औषधाची चिठ्ठी दाखवून पुढे जात.

आत्याच्या हातून एक चूक झाली ती दुसऱ्या वर्षी. ती तिने लपवली नाही. कामावर नवीन येणाऱ्या प्रत्येक मावशीला ती ते स्वतः सांगायची.

अकरा नंबरला एक नकाशे काढणारे गृहस्थ होते. जमिनीची मापं घेऊन नकाशे करण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांच्या मुलीने कपड्यांची पिशवी आणली. त्यात एक तपकिरी कोट होता, चांगल्या जाड कापडाचा. ते झोपले होते. दुसऱ्या दिवशी त्यांचे जुने सहकारी भेटायला येणार होते. आत्याला घाई होती. "हा कापू का?" तिने मुलीला विचारलं. मुलगी म्हणाली, "कापा की. त्यांना काय, चालेल."

सकाळी आत्याने कोट नेऊन त्यांना घातला. त्यांनी पुढची तिन्ही बटणं पाहिली, हात फिरवला, आणि मग तो हात हळूहळू मागे नेला. पाठीवर अस्तराची मऊ कड लागली. कापडाची कड कुठून कुठे जाते ते त्यांनी बोटाने शोधलं, नकाशावरची रेघ तपासावी तसं.

"हा मी घरी जायला ठेवला होता," ते म्हणाले.

आत्याने अर्धवट बांधलेला गळ्याचा बंद सोडून दिला.

"म्हणजे आता उठायचं नाही तर."

त्यांनी कोट काढायला लावला. सहकारी आले तेव्हा ते हॉस्पिटलच्या झग्यात होते, भिंतीकडे तोंड करून. नंतरही त्यांनी घरचं काही घातलं नाही. आत्याने तो कोट घरी आणला. चार दिवस ती रोज दोन-तीन तास त्याच्यावर बसायची. अस्तर काढलं, कोटाच्याच आतल्या दुमडीतून धागे काढले आणि त्या धाग्यांनी कापलेली पाठ रफू करून जोडली. मी तो कोट उजेडात धरून पाहिला आहे. रेघ दिसत नव्हती. तिने तो त्यांच्याकडे नेला. त्यांनी अंगठा फिरवला.

"शिवण दिसत नाही," ते म्हणाले. "पण मला माहीत आहे ना."

मग थोड्या वेळाने म्हणाले, "तिथे अडकवा. समोर."

त्यांच्या पलंगासमोर भिंतीला एक खुंटी होती, सलाईनच्या बाटलीसाठी कधीतरी ठोकलेली. आत्याने कोट तिथे अडकवला. नऊ दिवस तो तिथे होता.

त्यानंतर तिने दोन गोष्टी ठरवल्या. एक, ज्याचा कपडा त्यालाच विचारायचं. मुलाला नाही, बायकोला नाही, डॉक्टरला नाही. माणूस झोपला असेल तर उठेपर्यंत थांबायचं. नुसती मान हलत असेल तर मानेला विचारायचं. दुसरी गोष्ट, प्रत्येकाचा एक कपडा न कापता ठेवायचा आणि पलंगासमोर अडकवायचा. कुठला, ते त्याने सांगायचं. तिने मेट्रनबाईंकडून अठरा खुंट्या ठोकून घेतल्या. पुढे कुणी विचारलं की ह्या खुंट्या कशाला, तर मावशी सांगायच्या, "घरी जायच्या कपड्याला." त्या कपड्यांना धूळ बसू नये म्हणून आत्या दर शनिवारी ते झटकून परत अडकवायची. कोण कुठे जाणार आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी कपडा झटकलेला असायचा.

सहासष्टाव्या वर्षी तिच्या पोटात गाठ निघाली. पुढच्या इमारतीत पाच महिने गेले. मग ती झाकलेल्या वाटेने मागच्या इमारतीत आली, तीच चार मिनिटं, आणि सहा नंबरला झोपली. सहा नंबरला खिडकी आहे. ढकलणारी मावशी रडत होती. "चाक बघ," आत्या तिला म्हणाली. "डावं चाक अडकतंय. तेल घालायला सांगितलं होतं मी."

तिच्या खोलीला कुलूप होतं. नवीन माणूस नेमला नव्हता. हॉस्पिटलने तयार झगे घेतले होते, फिकट निळे, पाठीवर चिकटपट्टीचे. बंद तुटायची भानगड नाही, असं नव्या मेट्रनबाई म्हणाल्या. खुंट्या होत्या. त्यांच्यावर टॉवेल वाळत घातलेले असत.

आत्याने घरून चार ड्रेस मागवले. सगळे तिनेच शिवलेले, पुढे छातीपर्यंत बटणं, कॉलर, एक खिसा. निळा, करडा, हिरव्या चौकडीचा आणि एक पांढरट. रोज सकाळी अंग पुसून झालं की त्यातला एक घालायचा, हा तिचा हट्ट. घालायचा म्हणजे तिला बसवायचं, एक हात वर, मग दुसरा, मग डोक्यातून. दुसऱ्या आठवड्यात तिचे हात सुजले. तिसऱ्या आठवड्यात दोन मावशी लागायला लागल्या. ती ओरडत नसे. दातांत जीभ धरायची. कपडे घालून झाले की अर्धा तास डोळे मिटून पडायची.

बाबा हे रोज पाहत. एक दिवस म्हणाले, "ताई, कशाला हे? घाल ना तो झगा. इथं कोण बघतंय तुला?"

"तू बघतोयस ना."

"मी काय परका आहे?"

"परक्यापुढे एक वेळ चालेल," आत्या म्हणाली. "तू लहानपणी माझा फ्रॉक धरून चालायचास."

बाहेर आल्यावर बाबा मला म्हणाले, "तिचे ड्रेस कापून टाकले तर? ती करायची तसे. कुणीतरी करेल ना." माझ्याकडे न बघता म्हणाले. मी हो म्हटलं, पण केलं काहीच नाही. टाके उसवणं सोडून मला काहीच येत नव्हतं, हे एक. पण खरं कारण ते नव्हतं. ज्याचा कपडा त्यालाच विचारायचं होतं. आणि नकाशेवाल्यांनी कोटाच्या पाठीवरून बोट फिरवलं तेव्हा शाळेला सुट्टी म्हणून मी कपड्यांची चळत घेऊन दाराशी उभी होते, मला तो प्रश्न म्हणजे काय ते माहीत होतं. आत्या स्वतः बोलणार नव्हती. तिने चौदा वर्षांत कुणालाही स्वतःहून 'माझा कापा' म्हणताना ऐकलं नव्हतं.

मी रोज जायचे, रोज ठरवायचे, आणि परत यायचे. आठ दिवस असे गेले. त्या आठ दिवसांत मला फारसं काही वाटल्याचं आठवत नाही. हिरव्या तेलरंगावर एका ठिकाणी ब्रशचा केस चिकटून सुकला होता, तो आठवतो.

नवव्या दिवशी मी गेले तेव्हा तिला झगा घातलेला होता. सकाळी औषधाने तिला गुंगी होती, ड्रेस घालायला दोघी मिळाल्या नाहीत, आणि नव्या मावशीने झगा चढवला. त्यात कुणाची चूक नव्हती. आत्या कुशीवर होती, डोळे उघडे. तिचा डावा हात मागे गेला होता. झग्याच्या दोन कडा तिने मुठीत धरल्या होत्या.

मी स्टूल ओढलं. तिच्या चेहऱ्यासमोर बसले.

"आत्या, निळा कापू?"

तिने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. बाहेर कुणाची तरी गाडी मागे घेताना वाजत होती, ती वाजायची थांबेपर्यंत.

"निळा नको," ती म्हणाली. "निळा खुंटीला. करडा घे."

बाबा भिंतीजवळच्या खुर्चीत होते. ते उठले, "मी चहा आणतो" म्हणाले आणि गेले. चहा कधीच आला नाही.

मी खुंटीवरचे टॉवेल काढले, निळा ड्रेस अडकवला. तिच्या खोलीची किल्ली घेऊन खाली गेले. कात्री, खडू, पट्टी, अस्तराला चादर, टाचण्यांची उशी. सगळं जिथल्या तिथे होतं. भिंत कोमट होती.

"रेघ मार," ती म्हणाली. "गळ्याच्या मध्यापासून. पट्टी हलू देऊ नको."

मारली. धरून दाखवली.

"ही रेघ आहे का? एवढी पुस्तकं वाचलीस आणि सरळ रेघ येत नाही?"

"पुस्तकात छापून येतात, आत्या."

"मग काय उपयोग. झटक आणि परत मार."

तिसऱ्यांदा मारलेली रेघ चालली. कात्री जड होती. कापड कापताना सुरुवातीला आवाज झाला, मग सवय झाली. मला वाटलं होतं की आता काहीतरी वाटेल. मी त्यासाठी थांबलेसुद्धा, कात्री अर्ध्यावर धरून.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही."

"मग काप ना. अर्धवट राहिलं की कड वाकडी होते."

मशीन वर आणता येत नव्हतं आणि मला चालवता येत नव्हतं. हातशिलाईच करायची होती. दोन दिवस लागले. ती मधेच झोपायची, मधेच जागी होऊन हात पुढे करायची. मी कापड तिच्या बोटांखाली सरकवायचे. ती अंगठा फिरवायची. "हा उसव. हासुद्धा. हा बरा आहे." गळ्याचा बंद मी तीनदा लावला. टिचबटण कण्यावर येत होतं, ते तिने न बघता ओळखलं.

"बगलेकडे घे."

"माहीत आहे मला."

"माहीत असून लावलंस?"

शेजारच्या पलंगावरच्या आजी हे ऐकत होत्या. त्यांना बोलताना दम लागायचा. "बाई... माझं पण... आहे एक जाकीट," त्या म्हणाल्या.

"हिचं बघा आधी कसं होतंय," आत्या म्हणाली. "मग जाकीट द्या. नाहीतर जाकीट जायचं वाया."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन मावशी आल्या. त्यातली एक जुनी होती, चाकाला तेल न घातलेली. तिला सगळं येत होतं. आधी दोन्ही हात समोरून, मग पाखं पाठीखाली. आत्याला उचलावं लागलं नाही. तिने जीभ दातांत धरली नाही. चार बोटांच्या जागी माझी पाच-साडेपाच बोटं झाली होती आणि एका बाजूला अस्तर जमून आलं होतं, पण ते पाठीखाली गेलं. समोरून करडा ड्रेस जसा होता तसाच होता.

"वरचं बटण," ती म्हणाली. मी लावलं.

बाबा आले तेव्हा तिचा डावा हात पांघरुणावर होता, उघडा. बाबांनी खुंटीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "छान दिसतेस," ते म्हणाले. "हं," ती म्हणाली.

आत्या त्यानंतर सहा दिवस होती. रोज सकाळी तिला करडा घालत. तो धुवून वाळेपर्यंत पांढरट, कारण मी तोही तिला विचारून, तिने मान हलवल्यावर कापला. त्याची रेघ पहिल्याच वेळी आली. शेजारच्या आजींचं जाकीट मी त्याच आठवड्यात केलं. निळ्याचं काय करायचं ते तिने आधीच सांगितलं होतं, "कुणालातरी द्या, चांगला आहे अजून. कापू नका म्हणावं फक्त." शनिवारी मी तो झटकून परत अडकवला. आता तो माझ्या कपाटात आहे. मला तो खांद्यात मोठा होतो.

शेवटच्या दिवसांत ती बरंच बोलली. कॉलरी, डेपो, कुणाच्या तरी बाहीचा सुटलेला मुंढा. ते औषधाचं बोलणं होतं, ते मी धरत नाही. तिचं तिचं असं शेवटचं बोलणं त्या दुपारचंच, करडा ड्रेस घातल्यानंतरचं. मावशी निघून गेल्या होत्या. मी पलंगावरचे धाग्यांचे तुकडे वेचत होते, कात्री पिशवीत ठेवली होती. मला वाटलं ती झोपली. डोळे मिटलेलेच होते.

"टाचण्या मोजल्यास?" तिने विचारलं.

"मोजल्या."

"किती?"

"चाळीस."

"परत मोज," ती म्हणाली.